तंटामुक्तीचा अध्यक्ष कोणाचा माणूस?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

१५ ऑगस्टच्या आसपास ग्रामसभा झाल्या की आमच्या यवतमाळकडे एक बातमी हमखास ऐकायला भेटते, अमुक गावात तंटामुक्त समितीच्या (गावातली भांडणं गावातच मिटवणाऱ्या समितीच्या) अध्यक्षपदावरून राडा, सभा तहकूब, पोलीस बोलावले. लोक हसतात आणि विसरतात. पण राडा कायले होते? दोन्ही पार्ट्यांना तो माणूस आपला पाहिजे असतो. गावाला मात्र कोणाचाच नसलेला पाहिजे असतो, पण त्याच्यासाठी हात वर करणारं सभेत कोणी नसते.

२००७ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली तेव्हा कल्पना चांगलीच होती. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस कोर्टात गेली की बापानं टाकलेली केस पोरगा चालवते, तालुक्याचं भाडं, वकिलाची फी, त्या दिवशीची मजुरी बुडली ते वेगळंच, आणि भांडण कायचं तर शेजाऱ्यानं वखरता वखरता वीतभर धुरा कोरला. गावं तंटामुक्त जाहीर झाली, लोकसंख्येनुसार बक्षिसं आली, मग कुठंकुठं समितीचं मुख्य काम उरलं प्रेमीयुगुलाचं लग्न लावून फोटो काढायचं (लग्न लावणं वाईट नाही, उलट पोरापोरींना आधार होतो, पण फोटोत जेवढे उभे राहतात तेवढे धुऱ्यावर येत नाहीत).

आता निःपक्ष माणूस आणायचा कुठून, असं लोक विचारतात. गावात कोणी साडू लागते, कोणी जातवाला, कोणाची उधारी, कोणाच्या ट्रॅक्टरवर आपलं वावर चालते. बरोबर आहे. म्हणूनच मी म्हणतो की नातं नसलेला शोधू नका, "हा माह्या साळ्याचा मामला हाय, यात मी बसत नाही" म्हणून उठून जाणारा शोधा. आमच्याकडे एक म्हातारे होते, कोणत्याच समितीत नव्हते. पांदणीचा (शेतरस्त्याचा) वाद असो की भावाभावाच्या वाटणीचा, मामला सुटेपर्यंत दोन्हीपैकी कोणाच्या घरचा चहा घेत नसत. एकट्याचं ऐकून घेत नसत, दोघांनाही सोबत वावरात नेत आणि निकाल तर देतच नसत, फक्त विचारत, "तुले किती सोडता येते ते सांग". नाही जमलं तर सरळ म्हणत, मोजणी आणा. मोजणीची फी भरायची म्हटलं की अर्धे तिथंच नरम पडत, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र समितीवाल्यांच्या ध्यानात येत नाही. बाईले मारहाण झाली, कोणावर जातीवरून अत्याचार झाला, तिथं "गावातलं गावात मिटवा" म्हणणारा मध्यस्थ नसतो, तो ज्याचा जोर जास्त त्याच्या बाजूनं बसलेला असतो. आणि दंड ठोकणं, वाळीत टाकणं हा तर गुन्हाच आहे, २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे आपल्या राज्यात, ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात.

मध्यस्थाला थोडी कागदाचीही माहिती पाहिजे. पारावर ठरलेलं पुढच्या पेरणीला फिरते हा आमचा अनुभव. केस कोर्टात असेल तर तडजोड लोकअदालतीत करायला लावावी, तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असते, त्यावर अपील नाही आणि कोर्ट फी वापस भेटते. दोघांची जमीन १२ वर्षांपासून एकमेकांच्या ताब्यात असेल तर २०२३ मध्ये आलेली सलोखा योजना आहे, अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १ हजार आणि नोंदणी फी १ हजार, बस. पांदण अडवली तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज होते, पण तो अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. "बसून पाहू, बसून पाहू" करत समितीनं ते ६ महिने घालवले तर ज्याची बैलबंडी अडली त्याचंच नुकसान, आणि समिती मोकळी.

संपादक साहेब, नवीन अध्यक्षाचा हारतुऱ्याचा फोटो तुमच्या पेपरात येते, तो छापा, आमची ना नाही. फक्त वर्षानं त्याच अध्यक्षाले विचारून तेवढ्याच जागेत छापा की किती तंटे आले, किती सुटले आणि किती वेळा तो स्वतः बाजूला झाला.

आपला वाचक,
एक कास्तकार, जि. यवतमाळ