वाळवंटातील वणव्यानंतर बी येणार कोठून?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील, मुख्यतः कॅलिफोर्नियात पसरलेल्या मोहावी वाळवंटाच्या वणव्यांविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. ऑगस्ट २०२० मध्ये विजेमुळे पेटलेल्या डोम वणव्यात सिमा डोम या घुमटाकार उंचवट्याच्या परिसरातील ४३ हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष (टोकदार पानांची तेथील मोठी झाडे) होरपळले, तर २०२३ च्या यॉर्क वणव्याने मोहावीतच ९० हजार एकरांचा आकडा ओलांडला, हा त्यातील तपशील योग्यच आहे. मात्र चार-दोन वर्षे बरा पाऊस झाला की तेथील झाडोरा आपोआप पूर्ववत होईल, हा लेखाच्या शेवटी काढलेला निष्कर्ष मला मान्य करता येत नाही.

असे वाटण्याचे मूळ आपल्या नेहमीच्या अनुभवात असावे. सह्याद्रीच्या उतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागून गेला, तरी पळस आणि करवंद यांची मुळे जमिनीखाली जिवंत राहतात आणि बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात. (यावरून आपले वणवे निरुपद्रवी ठरत नाहीत, कोवळी रोपे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्यांत बळी पडतातच.) मोहावीत जोशुआ वृक्षांच्या सोबतीने दूरवर पसरलेले ब्लॅकब्रश हे काळपट फांद्यांचे झुडूप मात्र एकदा जळाले की बहुतेक वेळा मुळासकट मरते. उत्तरेकडील ग्रेट बेसिनच्या थंड वाळवंटातील सेजब्रशही बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा ज्या आर्टेमिसिया प्रजातीतील आहे, त्याच प्रजातीतील हे झुडूप. ब्लॅकब्रश आणि सेजब्रश या दोघांचे पुनरुज्जीवन जवळजवळ पूर्णपणे बियांवर अवलंबून आहे आणि खरी अडचण तेथेच आहे.

ब्लॅकब्रशला दरवर्षी भरपूर बी धरत नाही; मध्ये अनेक वर्षे जवळपास रिकामी जातात आणि मग एखाद्या वर्षी उदंड बी येते. ते कांगारू उंदरांसारखे प्राणी वेचतात, बरेचसे खातात आणि उरलेले लहान लहान खळग्यांत पुरून ठेवतात. त्यांपैकी जे खायचे राहून जाते, तेच हिवाळ्यातील ओल आणि थंडी मिळाल्यावर झुबक्याने उगवते. म्हणजे जे प्राणी हे बी फस्त करतात, तेच त्याची पेरणीही करतात. मात्र जवळजवळ सर्व बी एक तर खाल्ले जाते, नाही तर लवकरच रुजून जाते. वर्षानुवर्षे मातीत टिकून राहणारा साठा मागे उरत नाही. सेजब्रशचे अतिशय बारीक बी शरद ऋतूच्या अखेरीस पिकते, बहुतांशी मूळ झुडपापासून काही मीटरांच्या आतच पडते आणि जमिनीच्या पृष्ठभागावर फार काळ जिवंत राहत नाही. उन्हाळ्यात वणवा आला, तर नवे बी पिकण्यापूर्वीच झुडूप जळून जाते आणि जुने बी फारसे शिल्लक नसते. शिवाय पालापाचोळा साचलेल्या झुडपाखालीच आगीची धग सर्वांत तीव्र असते, त्यामुळे तेथे पडलेल्या बियांची वाट लागते. काही सेंटिमीटर खोल पुरलेले बी तेवढे वाचू शकते.

कॅलिफोर्नियाच्याच किनारपट्टीकडील डोंगरांत चित्र अगदी उलट आहे. तेथील सिअॅनोथस या झुडपाचे टणक कवचाचे बी मातीत दीर्घकाळ पडून राहते आणि वणव्याच्या उष्णतेने कवच तडकल्यावर रुजते. वाळवंटात पूर्वी झुडपांमध्ये उघडी जमीन असल्याने आग क्वचितच लांबवर पसरत असे. त्यामुळे असा गुण तेथील झुडपांत रुजण्याचे कारणच घडले नाही.

आता ही उघडी जमीन भूमध्य सागराच्या प्रदेशातून आलेल्या रेड ब्रोम या गवताने व्यापली आहे. हिवाळ्यात भरपूर पाऊस झाला की ते दाट वाढते, उन्हाळ्याच्या तोंडावर वाळते आणि एका झुडपाकडून दुसऱ्याकडे आग पोहोचवते. २००४-०५ च्या ओल्या हिवाळ्यानंतर २००५ मध्ये मोहावीतील नऊ लाखांहून अधिक एकर क्षेत्र जळाले, ते याच कारणाने. वणव्यानंतर हे गवत लगेच परतते, झुडपांच्या रोपांना मिळावी ती ओल आधीच शोषून घेते आणि रोपे बी धरण्याच्या वयाला येण्यापूर्वीच पुढच्या आगीसाठी सरपण तयार ठेवते. म्हणून लेखकाने ज्यावर भिस्त ठेवली आहे, तो चांगला पाऊसच येथे घातक ठरू शकतो.

डोम वणव्यानंतर स्वयंसेवकांनी जोशुआ वृक्षांची रोपे लावली, हे काम मोलाचे आहे आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. तथापि जोशुआ वृक्षाचे कोवळे रोप निसर्गतः ब्लॅकब्रशसारख्या झुडपाच्या आडोशालाच ऊन आणि सशांपासून बचावते. झुडूपच नसेल तर त्या रोपाला आधार कोणाचा? माझ्या मते जळलेल्या पट्ट्यांच्या आत आणि कडेला वाचलेली झुडपांची बेटे राखणे, त्यांच्याभोवतीचे रेड ब्रोम काढणे आणि भरपूर बी धरलेल्या वर्षी त्याच परिसरातील बी गोळा करून ठेवणे, ही कामे वृक्षलागवडीच्याही आधीची आहेत.

या विषयावर आपण पुन्हा लिहाल तेव्हा किती एकर जळाले आणि किती वृक्ष गेले यांबरोबरच न जळलेली झुडपे कोठे व किती अंतरावर उरली आहेत, हेही वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक (वनस्पतिशास्त्राची निवृत्त अध्यापिका), सातारा