साहेब, फोन नको, कागद द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ग्रंथालयं तुमच्या खात्यात येतात म्हणून हे पत्र तुम्हाला. मी एका तालुक्याच्या गावात राहतो, चित्रकलेचे क्लास घेतो आणि गेली बावीस वर्षं आमच्या वाचनालयाचा सभासद आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्रास तुम्हाला-मला नाही, आमच्या ग्रंथपाल मॅडमना होईल.

झालं असं की वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, वाचनालयाच्या हॉलमध्ये आम्ही व्यंगचित्रांचं प्रदर्शन लावलं. चाळीस चित्रं, सगळी गावातल्याच पोरापोरींची, विषय आपले रोजचे, खड्डे, कांद्याचा भाव, एसटीची वाट बघणारी म्हातारी असले. पहिल्या दिवशी बरी गर्दी झाली, चहा संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना फोन आला. कोणाचा ते त्या सांगत नाहीत, "वरून" एवढंच म्हणतात, आणि मी पण जास्त खोदून विचारलं नाही कारण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन चित्रं भिंतीवरून काढा म्हणे. एकात पाण्याचा टँकर होता आणि त्याच्यावरचा पुढाऱ्याचा फोटो टँकरपेक्षा मोठा, नळ मात्र करंगळीएवढा. दुसऱ्यात खुर्चीला मुळं फुटलेली. तिसरं खरं सांगायचं तर फारसं जमलेलंच नव्हतं, ते कोणाला का लागलं देव जाणे.

चित्रं काढली. मग भिंतीवर तीन रिकाम्या जागा आणि सेलोटेपचे डाग राहिले आणि लोक नेमके तिथंच थांबून विचारायला लागले, इथं काय होतं हो? ज्यांनी ते टँकरवालं चित्र ढुंकून पाहिलं नव्हतं तेसुद्धा. शेवटी मॅडमनी कलामसाहेबांच्या फोटोचा वाचन प्रेरणा दिनाचा बॅनर आणून त्या जागेवर लावला.

आता मुद्दा. मी मॅडमना म्हटलं, लेखी मागा ना. त्या हसल्या. म्हणाल्या, सर, लेखी मागितलं की पुढच्या तपासणीत रजिस्टर अपुरं निघतं. आता हे असं खरंच होतं का मला माहीत नाही, पण त्यांना तसं वाटतं, आणि वाटणं पुरेसं असतं. २०२२ मध्ये सरकारने ग्रंथालयांचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, चांगलं केलं, पण ज्या माणसाचा पगार त्या हप्त्यावर आहे तो फोनवर कोणाशी वाद घालणार? १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि अनुदानाचे १९७० चे नियम मी बसून वाचले, ग्रंथालयांच्या अ ब क ड वर्गांचं, ज्यावर अनुदान ठरतं, सगळं त्यात आहे, भिंतीवर कुठलं चित्र लावायचं ते कोणाला विचारून लावायचं असं काही मला त्यात सापडलं नाही.

साहेब, गंमत बघा. नाटकाला आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळ, म्हणजे नाटकाचं सेन्सॉर, आहे. मला ते पटत नाही, पण निदान मंडळ आहे, संहिता जाते, शेरा येतो, तो शेरा घेऊन माणूस कोर्टात जाऊ शकतो. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींचं चित्र पोलिसांना खुपलं, पदमसींनी ते उतरवायला नकार दिला, त्यांना अटक झाली, खटला झाला आणि ते सुटले. खटला झाला म्हणून सुटले! डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार सरकारने रद्द केला, तो तर चक्क जीआर काढून, त्याचा मला रागच आला, पण जीआर होता म्हणून लोकांना बोलता आलं, राजीनामे आले, भांडण उघड्यावर झालं. अहो आणीबाणीतसुद्धा सेन्सॉरचा माणूस असायचा! डिसेंबर १९७५ मध्ये अबू अब्राहम यांचं ते राष्ट्रपती बाथटबमध्ये बसून वटहुकमावर सही करतायत असं व्यंगचित्र पेपरात छापून आलं होतं. आणि आमच्या गावातला टँकर चित्रात आलेला चालत नाही, तेही कोणी आपलं नाव न सांगता, कारण "वरून" हे काही माणसाचं नाव नाही.

आता तुम्ही म्हणाल, उद्या कोणी येऊन तोडफोड केली तर? ही भीती खोटी नाही, मला मान्य आहे. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत जमावाने घुसून पुस्तकांची नासधूस केली ते ग्रंथालयात काम करणारा कोणीच विसरलेला नाही. पण तेव्हा चूक तोडणाऱ्यांची होती, पुस्तकांची नव्हे. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये रंगराजन केसमध्ये हेच सांगितलंय, की लोक धमक्या देतायत म्हणून सरकारने अभिव्यक्ती दाबायची नसते, सांभाळणं हे सरकारचं काम. आणि आमच्याकडे तर धमकी पण नव्हती हो! कोणी मोर्चा आणला नाही, निवेदन दिलं नाही. एक फोन.

बाकी वाचनालय म्हणजे गप्प बसायची जागा असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगा की दुर्गाबाई भागवतांना आणीबाणीत अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून. आणि मोठ्या शहरात सगळं बरं असतं असंही नाही, २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे सरकारी आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकरांना बोलता बोलता मध्येच अडवलं ते सगळ्या देशाने व्हिडिओत पाहिलं. पालेकर होते म्हणून पाहिलं. आमच्या मॅडमचा व्हिडिओ कोण काढणार?

म्हणून मागणी एकच आहे आणि तिला पैसा लागत नाही. एक परिपत्रक काढा. सार्वजनिक ग्रंथालयातलं प्रदर्शन, चित्र, पोस्टर कोणाला काढायला लावायचं असेल तर त्याने लेखी द्यावं, खाली नाव, हुद्दा, तारीख आणि कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली ते लिहावं, आणि ते पत्र त्याच रिकाम्या जागेवर लावायची ग्रंथपालाला मुभा असावी. तोंडी सूचना पाळली नाही म्हणून अनुदान किंवा वर्ग यांना हात लागणार नाही हे त्यात स्पष्ट पाहिजे. हरकत घेऊच नका असं मी म्हणत नाही, माझ्याच क्लासमधल्या एका पोराने मागे एका जातीवर घाणेरडं चित्र काढलं होतं ते मीच फाडलंय, पण त्याला समोर बसवून, का ते सांगून.

ती तीन चित्रं सध्या माझ्या कपाटावर गुंडाळून ठेवलीत. टँकरवालं ज्या मुलीने काढलंय ती बारावीला आहे, तिने त्यानंतर वाचनालयात यायचं बंद केलंय, अभ्यास आहे म्हणते. तुम्ही कधी आमच्या भागात दौऱ्यावर आलात तर निरोप द्या, मी चित्र घेऊन येतो. मला खात्री आहे तुम्हाला हसू येईल, कारण पुढारी कोण ते ओळखू येत नाही, सगळ्यांसारखाच दिसतो.

आपला,
एक सभासद