खांदा, जिम आणि ईएसआय

सातपूर, नाशिक

प्रिय दिल्या,

फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितोय. कामावर खांदा निखळून गळ्यात झोळी अडकवलेला माणूस पहिलं काय विचारतो, तर जिमची फी ईएसआयमधून, म्हणजे आपल्या कामगार विम्यातून, मिळते का! धन्य आहेस. फी मिळत नाही. फिजिओथेरपी मात्र उपचारातच धरतात. फक्त ती ईएसआयच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली हवी. आधी खासगीत जायचं आणि मग बिलं घेऊन फिरायचं, हा उद्योग नको.

जिमचं राहू दे. कंपनीने अपघाताचा अहवाल भरला का? एचआरवाला म्हणतोय ना, 'आजारपणाची रजा टाका, लवकर काम होईल'? अजिबात ऐकू नकोस. आजारपण म्हणून नोंद झाली की सरासरी पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवसच. कामावरची इजा म्हणून झाली तर ९० टक्के, आणि डॉक्टर अनफिट म्हणतील तोवर. खांदा काय कॅलेंडर बघून बरा होतो? उद्या हात पूर्ण वर गेलाच नाही, तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. अपघातच कागदावर नसेल तर बोर्डापुढे काय घेऊन जाशील? आणि तू नवा, हप्ते थोडेच भरलेस, असं कुणी म्हणालं तर सांग, कामावरच्या इजेला ती अट नाही.

आता येवल्याला जाऊन महिनाभर राहण्याचा तुझा बेत. हा ९० टक्क्यांचा भत्ता चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो भाग सोडायचा नाही आणि बरं व्हायला उशीर होईल असं काही करायचं नाही, हा नियमच आहे. तुझी जिममधली बेंच प्रेस यातच बसते, बाबा! आमच्या वर्कशॉपमधल्या एकाचा खांदा असाच गेला होता. फिजिओने त्याला आधी नुसता वाकून हात लोंबता झुलवायला लावला, मग भिंतीवर बोटं चढवत न्यायला, मग दोरी-पुली; रबरबँड कितीतरी नंतर. 'ही काय बालवाडी आहे?' म्हणून तो वैतागायचा. पण सांध्याला आतून धरून ठेवणारे छोटे स्नायू आधी घट्ट व्हावे लागतात. ते दिसत नाहीत, म्हणून जिममध्ये त्यांना कुणी विचारत नाही.

फिट सर्टिफिकेटची घाई करू नकोस. हात वर जातो एवढंच डॉक्टरांना दिसतं. कामावर डाय, म्हणजे जड साचा, उचलावी लागते हे तूच सांगायचं. 'नुसता बसायला ये' म्हणून सुपरवायझरने बोलावलं तरी जाऊ नकोस. ज्या दिवसाचा पगार घेतलास त्या दिवसाचा भत्ता नाही.

पुढच्या सुट्टीला सिडकोत येतो. अहवालाची प्रत आणि आयपी नंबर (तुझा ईएसआयचा विमा क्रमांक) काढून ठेव, सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला बरोबरच जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू