आईच्या भजनाची चाल

संपादक महोदय,
सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकाच्या ‘निधन वार्ता’मध्ये माझ्या आईची बातमी आली. वय ८४, धार्मिक व मनमिळाऊ स्वभाव, पश्चात दोन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. मजकूर आम्हीच दिला होता, त्यात चूक काही नाही. पण तो वाचून ज्यांचे फोन आले, त्यांतल्या प्रत्येकानं आईचं काहीतरी निराळंच सांगितलं. चार ओळींत न मावलेलं थोडं इथे लिहिते. वाचकांकडे एक मागणंही आहे.

आई नेवासे तालुक्यातली. तिची आई, म्हणजे माझी आजी, बायबलबाई होती. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. मिशनच्या काळात वाचायला शिकलेल्या बायका शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची पुस्तकं पिशवीत घालून पायी गावोगाव जात, कुणाच्या तरी ओसरीवर टेकत, बायकांना वाचून दाखवत आणि गाऊन दाखवत. ऐकणाऱ्यांत वाचता येणारी एखादीच असे, ओवी मात्र सगळ्यांनाच येई. म्हणून वचनंही ओवीत घालायची. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ साली काम सुरू केलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक इथे राहिले, आणि आमच्या देवळांतून, म्हणजे चर्चमधून, अभंगाच्या वळणाची भजनं टाळ-मृदंगावर घुमू लागली. त्यांची भजनं छापली गेली. आजीसारख्या बायकांनी जोडलेल्या ओव्या कुणी छापल्या नाहीत. त्या वह्यांत राहिल्या, नाहीतर गळ्यात.

आजीच्या वहीतलं एक भजन आईचं होऊन गेलं. रविवारी भल्या पहाटे प्रभूच्या कबरेकडे निघालेल्या बायकांचं. वाटेत त्या एकमेकींना विचारतात, कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील? आम्ही घरात त्याला ‘बायकांचं भजन’ म्हणायचो. आई ते जात्यावर म्हणायची.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि मला बरोबर न्यायची, कारण तिथे मुलांना सुकडी मिळे. बायका रांगेनं बसलेल्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. हातोडीच्या ठोक्यावर आई तेच भजन म्हणायची आणि शेजारच्या बायका ‘धोंड कोण लोटील’ला सूर धरायच्या. त्यांत माळकरी होत्या, बौद्ध होत्या, दोघी मुसलमान होत्या. दगड सगळ्यांच्याच पुढ्यात होते.

वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. १९८४ मध्ये ते अचानक गेले. तोवर आम्ही नगरला आलो होतो, जातं गावीच राहिलं होतं. आईनं पायाची शिलाई मशीन घेतली आणि शाळेचे गणवेश शिवायला लागली. जूनमध्ये रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चाले. जात्याची लय तिनं पायात आणली आणि भजन तसंच चालू राहिलं. त्या मशीनवर आम्ही चौघं शिकलो. मी जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले, आणि पहिला पगार आला त्या दिवशी तिनं तो न मोजता देवळातल्या दानपेटीपाशी नेऊन आधी त्याचा दशांश काढायला लावला. मला तेव्हा राग आला होता. दोन महिन्यांचं किराणा बिल थकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी देवळात सतरंज्या घालणं तिचं काम. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवून, उकळून, धुतलेल्या मलमलीतून गाळून ती रस करायची. मनुका स्वतःच्या पैशानं आणायची, आणि आमच्यापैकी कुणी एक जरी तोंडात टाकली तरी तिला चालायचं नाही. पण तिचं एक काम बहुतेकांना माहीत नव्हतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणाचं मरण झालं की रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची : “बाई, पेटी आणलीय.” शवपेटीला आतून पांढऱ्या कापडाचं अस्तर आई लावायची. कडेनं झालर, उशीला चुण्या. चाळीस वर्षांत तिनं त्याचा एक रुपया घेतला नाही. हे काम करतानाही ती भजन म्हणायची. लहान मुलाची पेटी असली की मात्र गप्प असायची, आणि मग आम्हीही घरात हळू बोलायचो.

शहरात लोक मला अजूनही विचारतात, “तुम्ही ख्रिश्चन? आडनावावरून वाटत नाही. घरी इंग्लिश बोलता का?” विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो हे मला कळतं, तरी दर वेळी लागतं. आईला इंग्रजीतली फक्त आपली सही येत होती, तीही बँकेच्या फॉर्मसाठी शिकलेली. तिची प्रार्थना मराठी, रागावणं मराठी, आणि देवाशी तिचं भांडण असायचं तेही नेवाशाकडच्या मराठीत.

तिच्या ट्रंकेत तिचं सगळं तयार होतं : पांढरी साडी, अस्तराचं कापड, झालर, दफनविधीच्या खर्चाचे पैसे आणि एका चिठ्ठीत लिहिलेलं, “बायकांचं भजन म्हणा.” अस्तर मी शिवलं, तिच्याच मशीनवर. झालर सरळ आली नाही.

आणि भजन आम्हाला म्हणता आलं नाही. शब्द वहीत आहेत. वर आजीच्या अक्षरात ‘चाल’ असं लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे तीन शब्द आहेत. ते गाणं आता कुणाला माहीत नाही. देवळातली तरुण मुलं गिटार घेऊन मनापासून प्रयत्न करत होती, पण वाजवायचं काय? मी हे भजन जन्मभर ऐकलं आणि एकदाही पूर्ण म्हटलं नाही, कारण म्हणायला आई होती. मावशीनं दोन ओळी गुणगुणल्या. तेव्हा मागच्या बाकावरचे आमच्या शेजारचे माळकरी काका उठून पुढे आले. म्हणाले, ही चाल मी दिंडीत ऐकलीय. त्यांनी धृपद उचललं, मावशीनं साथ धरली, आणि आईच्या पेटीपाशी दोघांनी मिळून पहिलं कडवं म्हटलं. पुढचं त्यांनाही आठवेना.

म्हणून हे पत्र. आजीच्या वहीत एकेचाळीस ओव्या-भजनं आहेत. त्यांतल्या सतरांच्या चाली मावशीकडून मोबाइलवर उतरवून घेतल्या आहेत. मावशी एकोणऐंशी वर्षांची आहे आणि तिला दम लागतो. राहुरी, वडाळा, शिरूर, सातारा, सोलापूर, जिथे जिथे मिशनच्या जुन्या मंडळ्या आहेत, तिथे अशा म्हाताऱ्या बायका अजून असतील. त्यांच्या सुना-नातवंडांनी एक दुपार त्यांच्यापाशी मोबाइल घेऊन बसावं. वारकरी भजनी मंडळांतल्या जाणत्यांनीही मदत करावी, कारण अर्ध्या चाली त्यांच्याकडूनच आमच्याकडे आल्या असणार.

‘बायकांच्या भजना’चं दुसरं कडवं अडलं आहे. तिसऱ्या ओळीत, ‘धोंड कोण लोटील’पाशी सूर वर चढतो, तिथवर मावशीला येतं. तिथून तो खाली कसा उतरतो ते आम्हाला सापडत नाही. कुणाला येत असेल तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. सांगणाऱ्याच्या घरी मी स्वतः येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर