अडतं ते बस आणि पाळणाघरापाशी

अरब बायका नोकरी करत नाहीत याचं खापर सरसकट धर्मावर फोडलं जातं. ते मला पटत नाही. जॉर्डनमध्ये विद्यापीठांत मुलींची संख्या मुलांहून जास्त. तरी नोकरी करणाऱ्या वा शोधणाऱ्या बायका शंभरात जेमतेम पंधरा. लग्न होऊन मूल झालं की गणितच बदलतं. गावाकडची मिनीबस भरल्याशिवाय सुटत नाही, मग कामावर वेळेत पोचायचं कसं? तुटपुंज्या पगारातला मोठा वाटा प्रवास आणि पाळणाघरातच जातो. म्हणून तर दुपारी सुटणाऱ्या सरकारी शाळेतली नोकरी हवीहवीशी वाटते. २०१९ मध्ये तिथल्या कामगार कायद्यात मोलाचा बदल झाला: कामाच्या ठिकाणी पाळणाघर देण्याची सक्ती मालकावर आहे की नाही हे ठरवताना आता पुरुष कर्मचाऱ्यांचीही मुलं मोजतात. लहान आस्थापनांत नोकरी करणाऱ्या मातांनाही सरकारने पाळणाघराची सोय करून द्यायला हवी.

– एक वाचक, ठाणे