जर्मनीला निघालेल्या कुटुंबांतील शाळकरी मुलांचे काय?

महोदय,

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आयटीआय झालेले तरुण आणि परिचारिका यांच्यात जर्मनीचा विषय निघतोच. व्हिसा, पगार, घरभाडे यांवर भरपूर बोलले जाते. सोबत जाणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र ‘पोरं लवकर शिकतात’ एवढ्यावर मिटवला जातो. सहा वर्षांच्या मुलाबाबत ते चालून जाईल. आठवी-नववीतल्या मुलाबाबत ते खरे नाही.

कॅनडातील भाषा-शिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी हा फरक फार पूर्वी दाखवून दिला आहे. मैदानावरची, दुकानातली बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पण इतिहासाचा उतारा वाचून उत्तर लिहिणे, प्रयोगाचे निरीक्षण शब्दांत मांडणे, यात स्थानिक मुलांच्या बरोबरीला यायला 5 ते 7 वर्षे लागतात. पहिलीतल्या मुलाच्या हाताशी तेवढी वर्षे असतात. चौदा वर्षांच्या मुलाची शेवटची शालेय परीक्षा दोन-तीन वर्षांवर आलेली असते. म्हणून त्याची तयारी इथेच सुरू व्हायला हवी.

हिशेब अवघड नाही. जर्मन भाषेच्या ए1 या पहिल्या पातळीसाठी 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या व तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथे इन्स्टिट्यूट या संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे नववीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमधील शाळा सप्टेंबरमध्ये उघडतात. मधल्या वीस आठवड्यांत आठवड्याला दहा तासिका केल्या तरी 200 भरतात. 10 ते 16 वयोगटासाठी ‘फिट इन डॉइच’ ही वेगळी परीक्षा आहे. पालकांच्या वर्गात मुलाला मागच्या बाकावर बसवू नये. तिथे घरभाड्याचे आणि नोकरीच्या अर्जाचे संवाद शिकवतात. मुलाला लागते ती वर्गातली भाषा.

ही वर्गातली भाषा म्हणजे आधी प्रश्नपत्रिकेतली क्रियापदे. ‘नेने’ म्हणजे फक्त नाव सांगा, ‘बेश्राइबे’ म्हणजे वर्णन करा, ‘एर्क्लेअरे’ म्हणजे स्पष्ट करा, ‘बेग्र्युन्डे’ म्हणजे कारण द्या, ‘फेअरग्लाइशे’ म्हणजे तुलना करा. ‘नेने’ला परिच्छेद लिहिणाऱ्या मुलाचा वेळ जातो, ‘बेग्र्युन्डे’ला एका शब्दात उत्तर देणाऱ्याचे गुण जातात. विषय येत असूनही मूल नापास होते ते बऱ्याचदा इथे. अशी वीस-पंचवीस क्रियापदे जाण्यापूर्वी पाठ हवीत. त्यासोबत प्रत्येक विषयाची तीन रकान्यांची वही करावी: मराठी, इंग्रजी, जर्मन. सेमी इंग्रजीच्या मुलांनी मराठी रकाना गाळू नये. घरी आई-वडिलांना विचारायचे तर तोच उपयोगी पडतो. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवी ते दहावीची विज्ञान आणि गणिताची पुस्तके मोबाइलमध्ये घेऊन जावीत. संध्याकाळी धडा आधी मराठीत वाचला की दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त शब्द नवे राहतात, कल्पना ओळखीची असते.

गणितात आपली मुले तरतील हा समज बराचसा बरोबर आहे, फक्त चिन्हांनी घोटाळा होतो. तिथे दशांश चिन्ह स्वल्पविराम आहे: 3,5 म्हणजे साडेतीन आणि 1.500 म्हणजे दीड हजार. भागाकाराला दोन टिंबे, गुणाकाराला मधोमध एक टिंब. हाताने लिहिलेल्या 7 ला मध्ये आडवी रेघ द्यावी, नाहीतर शिक्षक तो 1 वाचतात, कारण त्यांच्या 1 ला वर लांब तिरकी रेघ असते. संख्या बोलताना मात्र मराठी कामी येते. पंचवीसमध्ये जसे आधी पाच आणि मग वीस, तसाच जर्मनचा क्रम. मनात इंग्रजी आकडा आणून लिहिणारी मुले 52 चे 25 करतात. उच्चारातही अशा सोयी आहेत. जर्मन झेड म्हणजे ‘चमचा’तला च, डब्ल्यू म्हणजे व, आणि व्ही बहुतेक शब्दांत फ.

तिथे गेल्यावर मूल थेट नेहमीच्या वर्गात बसेलच असे नाही. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आधी ‘फोरबेराइटुंग्सक्लासे’ हा तयारीचा वर्ग असतो. साधारण 15-16 वर्षांपुढच्या मुलांना व्यावसायिक शाळेतील ‘व्हाबो’ वर्गात पाठवतात. इतर राज्यांत नावे वेगळी आहेत. वर्ष वाया गेले म्हणून पालक इथे हळहळतात आणि मुलाला लवकर बाहेर काढा म्हणून शाळेच्या मागे लागतात. तसे करू नये. शाळेकडे मागायचे ते वेगळे: खेळ, चित्रकला, संगीत आणि जमल्यास गणित या तासांना मुलाला नेहमीच्या वर्गात बसू द्या. तयारीच्या वर्गात सगळेच नवखे; जर्मन कानावर पडते ते मुख्यतः शिक्षकांचे. बरोबरीच्या मुलांची भाषा नेहमीच्या वर्गात असते. एखाद्या खेळाच्या मंडळात, त्याला तिथे ‘फेराइन’ म्हणतात, मुलाचे नाव पहिल्या महिन्यातच घालावे. आपल्याकडची व्हॉलीबॉल खेळणारी मुले भाषेआधी मैदानावर रुळू शकतात.

एक इयत्ता खाली बसवले तर कमीपणा मानू नये. व्यावसायिक शाळेची वाट मिळाली तरी तसेच. तिकडचे ‘आउसबिल्डुंग’ म्हणजे साधारण तीन ते साडेतीन वर्षांचे कामासह शिक्षण; त्यात दरमहा मानधन मिळते. पुढे विद्यापीठापर्यंत जाण्याचे मार्गही आहेत. डॉक्टर-इंजिनिअर नाही म्हणजे मूल फुकट गेले, हा हिशेब इथेच सोडून जावे असे मला कळकळीने वाटते.

निकालपत्रात 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 6 म्हणजे सर्वात वाईट. त्यात वर्गातल्या तोंडी सहभागाचा वाटा मोठा असतो. आपली मुले विचारल्याशिवाय बोलत नाहीत. तिथे तर्जनी वर करून स्वतः बोलावे लागते. पहिले काही महिने मूल गप्प राहते. ते ऐकत असते, त्याला घरी टोचू नये. मात्र रोज एक वाक्य तयार करून न्यायला सांगावे आणि तासाच्या सुरुवातीला, मागच्या धड्याची उजळणी चालू असताना, हात वर करायला सांगावे. तेव्हा प्रश्न सोपे असतात. शिक्षकांना ‘सर’, ‘मॅडम’ चालत नाही; ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव. संबोधन ‘झी’, म्हणजे आपले ‘तुम्ही’.

घरात मोडके जर्मन बोलून मदत होत नाही. मराठी बोला, अहिराणी बोला. घरी अहिराणी, पावरी किंवा भिली आणि शाळेत प्रमाण मराठी, हे अंतर खान्देशातल्या कितीतरी मुलांनी एकदा पार केलेले असते. एक भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने शिकता येते.

कागदांपैकी दोन गोष्टी अडतात. पहिली गोवराच्या लसीची. जर्मनीत मार्च 2020 पासून शाळेसाठी गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा लागतो. या वयाच्या मुलांची लसीकरणाची कार्डे घरात सापडतीलच असे नाही. नोंद मिळत नसेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून लस घ्यावी किंवा रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून त्याचा दाखला घ्यावा. दुसरी गोष्ट वयाची. आई-वडील आधी गेले आणि मूल 16 वर्षे पूर्ण झाल्यावर मागाहून निघाले, तर कायदा सी1 इतक्या वरच्या पातळीचे जर्मन मागू शकतो. काही कुशल कामगारांच्या परवान्यांना यातून सूट आहे. आपल्या परवान्याला ती आहे का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. ‘दहावी होऊ दे, मग नेऊ’ म्हणणाऱ्या घरांनी ही तारीख आधी पाहावी.

आपल्या दैनिकातून एक मागणी मांडावी ही विनंती. जिल्ह्यात उमेदवारांसाठी जर्मनचे वर्ग जिथे चालतात, तिथे एप्रिलपासून मुलांची वेगळी तुकडी सुरू व्हावी. तिला भाषेच्या शिक्षकासोबत गणित किंवा विज्ञानाचा एक शिक्षक असावा, आणि शुल्क तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबाला झेपेल एवढे असावे.

आपला,
एक भाषाशिक्षक, जळगाव