ओंकार, बुधवारी जाशील ना?

प्रिय ओंकार,

रविवारी डबा न घेताच हॉस्टेलला निघून गेलास. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. भांडण उकरायचं नाहीये. मेसमध्ये नीट जेवतोस का, एवढंच विचारणार होते. पण तुझं "ती नाही कुठे म्हणाली?" नाइट ड्युटीभर डोक्यातून गेलं नाही.

अरे, तूच सांगितलंस ना, त्या मुलीला धड उभं राहता येत नव्हतं आणि तुझा रूममेट तिला आतल्या खोलीत घेऊन गेला. भारतीय न्याय संहितेचं कलम ६३ वाच, बलात्काराचं. नशेत आपण कशाला हो म्हणतोय हेच कळत नसेल, तर तो होकार नव्हे. अंगाने विरोध केला नाही, एवढ्यावरून संमती धरत नाहीत. वसईची आत्या गालगुच्चा घ्यायची तेव्हा तू 'नको' कधीच म्हणाला नाहीस. नुसता आखडून जायचास, मुठी आवळून. मी तुला उचलून घ्यायचे, बाबा म्हणायचे लाडावतेस. मला कळायचं रे.

बुधवारी कॉलेजच्या समितीपुढे, लैंगिक छळाच्या तक्रारी बघते तिच्यापुढे, साक्ष द्यायला जाशील ना? साक्षीदाराचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही, हे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यातच आहे. साक्षीदाराला कुणी त्रास देऊ नये हे बघणं समितीचं काम, यूजीसीच्या २०१५च्या नियमांप्रमाणे. विद्यार्थ्यांचं प्रकरण असलं की निवडून आलेले तीन विद्यार्थीही समितीत असतात. झालं, लागले भाषण द्यायला. माफ कर.

तिच्या मैत्रिणींना मात्र सांग, अशा वेळी सरकारी असो वा खासगी, कुठल्याही हॉस्पिटलला ताबडतोब आणि फुकट उपचार द्यावेच लागतात. आमच्याकडे मुली एकट्याच येतात, उशिरा येतात. जीव तुटतो. रात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. तूही लाव. दोस्ताविरुद्ध उभं राहायचं म्हणजे झोप उडणारच.

नंदामावशीच्या वेळी आजोबांपासून सगळे गप्प बसले. तू निदान घरी येऊन बोललास, त्याचा मला फार अभिमान आहे. आणि त्याच खोलीत त्याच्याबरोबर झोपतोस म्हणून भीतीही वाटते. वॉर्डनकडून खोली बदलून घे, नाहीतर करी रोडहून ये-जा कर. पण बुधवारी जा. पाहिलंस तेवढंच सांग, कमी नको, जास्त नको.

मी सुट्टी टाकली आहे. आत येणार नाही, गेटबाहेर थांबेन. बाबांना काय सांगायचं ते मी बघते.

तुझी,
आई